साफसफाई केल्यावर गेमिंग लॅपटॉप आधीपेक्षा जास्त तापतोय, काय चुकलं असेल?

इंदिरानगरी (३ मे, रात्री ११.५२)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे.

माझा गेमिंग लॅपटॉप २०२१ च्या दिवाळीत घेतलेला. रायझन ७ ५८००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स, १६ जीबी रॅम. पहिल्या नोकरीतले आठ महिन्यांचे पैसे साठवून घेतला होता, त्यामुळे त्याच्यावर जीव आहे. इतक्या वर्षांत एकदाही उघडला नव्हता. आमच्याकडे जानेवारीपासून रस्ता खोदून ठेवलाय, सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा पांढरी होते. ती सगळी धूळ लॅपटॉपनेही ओढली असणार. गेल्या महिन्यात गेम खेळताना सीपीयू (प्रोसेसर) ९०-९२ अंशांना जायला लागला, म्हणून गेल्या रविवारी मावसभावाला घेऊन बसलो आणि उघडला.

पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीची अक्षरशः गादी झाली होती, चिमट्याने धरली तर अखंड निघाली. चिप आणि तिची उष्णता ओढणारा तांब्याचा हीटसिंक यांच्यामधली जुनी पेस्ट सुकलेल्या चिखलासारखी. ती पुसून नवीन लावली. आजूबाजूच्या भागांची उष्णता हीटसिंकला देणारे राखाडी मऊ पॅड होते, त्यातले काही हीटसिंक उचलताना फाटले, तेही बदलले. आनंदाने बंद करून चालू केला, तर गेम सुरू झाल्यावर पाच-सहा सेकंदांत सीपीयू १०२! आधी ११० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळत होते, आता ४०. नुसता डेस्कटॉप उघडा असला तरी ६२ दाखवतो, आधी ४८ असायचा.

धूळ काढल्यावर तापमान उतरायला हवं ना? बहिणीचं आर्किटेक्चरचं शेवटचं सबमिशन २० तारखेला आहे आणि तिचे सगळे रेंडर (ड्रॉइंगवरून संगणकाने बनवायची चित्रं) याच लॅपटॉपवर व्हायचे आहेत. ती काही बोलत नाहीये, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

---

रात्रपाळी (४ मे, रात्री १२.१०)

कूलिंग पॅड घे भाऊ. मी शालिमारहून बाराशेला आणला, चार-पाच अंश लगेच उतरले.

---

चुलीवरची_मिसळ (४ मे, रात्री १२.१८)

१०२? नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, आपल्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. म्हणजे तुझ्या प्रोसेसरवर चहा ठेवला तर उतू जाईल. आणि पंख्यांचा आवाज ऐकून शेजारच्यांना ओझरचं विमान उतरतंय असं वाटत असेल!

(बहिणीला सांग, काळजी करू नको. इथे जाणकार मंडळी आहेत, वाट काढतील.)

---

म्हसरूळकर (४ मे, सकाळी ७.३५)

सोपा उपाय सांगतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ कर. बूस्ट, म्हणजे गरजेला वेग वाढवणं, बंद होतो. ५८००एच ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो, ९९ केलं की ३.२ च्या आसपास राहतो. माझ्या जुन्या लॅपटॉपवर यानेच तापमान १५ अंश खाली आलं. स्क्रू उघडायची गरज नाही.

---

सर्किटवाला (४ मे, सकाळी ९.०५)

थांबा मंडळी. ९९ टक्के आणि कूलिंग पॅड या मलमपट्ट्या झाल्या. हा लॅपटॉप रविवारपर्यंत नीट होता आणि उघडल्यावर बिघडला. म्हणजे उघडताना जे केलं त्यातच उत्तर आहे.

अकरा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय. असा लॅपटॉप आला की मी आधी आकडा बघत नाही, घड्याळ बघतो. तापमान किती झालं यापेक्षा ते किती वेळात झालं ते महत्त्वाचं. लोड दिल्यावर पाच सेकंदांत शंभरी गाठली, तर उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये जातच नाहीये. तिथला स्पर्श बिघडलाय. तांब्याचा एवढा मोठा गोळा पाच सेकंदांत तापू शकत नाही, तो बिचारा गारच असतो आणि चिप एकटी भाजत असते. उलट तापमान दहा-वीस मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर उष्णता हीटसिंकपर्यंत येते आहे पण हवा ती बाहेर नेत नाही. मग पंखे, जाळी, हवेची वाट तपासायची.

इंदिरानगरी, तुझा पहिल्या जातीचा आजार आहे. कूलिंग पॅडवर एक रुपया खर्च करू नकोस. एवढं सांग:

स्क्रू कोणत्या क्रमाने घट्ट केले? पेस्ट कोणती आणि किती लावली? नवे पॅड किती जाडीचे? पॅडवरची प्लास्टिकची पातळ फिल्म दोन्ही बाजूंनी काढलीस का? (हसू नका, महिन्यातून एक तरी असा येतो.) आणि एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) तापमान आणि त्याचं हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात गरम जागा, दोन्ही आकडे दे.

---

देवळाली_निवृत्त (४ मे, सकाळी ९.४०)

बाळा, एवढी महाग वस्तू स्वतः उघडायचीच कशाला? सर्व्हिस सेंटरला दिली असती तर जबाबदारी त्यांची झाली असती.

---

रेंडरवाली (४ मे, सकाळी ११.२०)

काका, तुमचं म्हणणं पटतं, पण हमी संपलेल्या लॅपटॉपला स्वच्छतेसाठी मला अडीच हजार सांगितले होते आणि आठ दिवस ठेवून घेणार म्हणाले. कामाचं मशीन आठ दिवस सोडवत नाही. शिवाय दिल्यावर सगळं ठीकच होतं असंही नाही. मी गंगापूर रोडला इंटिरियरचं काम करते. माझा आधीचा लॅपटॉप एकाने (नाव घेत नाही) 'एकदम भारी पेस्ट' म्हणून लिक्विड मेटल लावून दिला. ते गॅलियमचं असतं आणि वीज वाहून नेतं. प्रवासात एक थेंब सरकून बाजूच्या भागावर गेला आणि मदरबोर्ड गेला. ॲल्युमिनियमला लागलं तर ते धातूच पोखरतं. काही कंपन्या कारखान्यातूनच लिक्विड मेटल लावून देतात, पण त्यांच्याकडे ते अडवणारी चौकट असते. घरी कुणी त्या वाटेला जाऊ नका.

त्यानंतर मी माझा लॅपटॉप स्वतःच उघडते. दिवाळीच्या पणत्या ठेवल्या आहेत त्यासाठी. मागच्या झाकणाचे स्क्रू एका पणतीत, हीटसिंकचे दुसऱ्या, पंख्याचे तिसऱ्या. प्रत्येक पणतीखाली चिठ्ठी. लांबीचे फरक असतात, लांब स्क्रू आखूड जागी गेला की वरच्या पत्र्याला टेंगूळ येतं.

---

अंबडकर_काका (४ मे, दुपारी १.१५, जेवणाच्या सुट्टीत)

सर्किटवाला यांनी वेळेचं जे सांगितलं ते मनापासून पटलं. त्याला थोडा हिशोब जोडतो. मी अंबडला टूलरूममध्ये २६ वर्षं काढली, दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसवणं हाच आमचा धंदा.

तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० (वॅट प्रति मीटर-केल्विन). चांगल्या पेस्टची डब्यावर लिहिलेली ८-१०. हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट ही तांब्याची जागा घेणारी वस्तू नाही, ती फक्त हवेला हाकलण्यासाठी आहे. जितकी पातळ तितकी चांगली.

या प्रोसेसरची सिलिकॉनची चिप साधारण १८० चौरस मिलिमीटर. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी. त्यातून ६० वॅट जातात असं धरू. पेस्टचा थर ०.०५ मिमी असेल तर त्या थरात तापमानाचा फरक पडतो जेमतेम २ अंश. तोच थर अर्धा मिलिमीटर झाला तर फरक २१ अंश! तेही फटीत पेस्ट पूर्ण भरली आहे असं धरून. मध्ये हवेचा फुगा राहिला तर विचारूच नका. आता ८१ ला चालणारी चिप १०२ ला का गेली ते दिसतंय ना? अर्धा मिलिमीटर म्हणजे चार-पाच कागदांची जाडी.

स्क्रूंबद्दल: हीटसिंकवर प्रत्येक स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. तो क्रम समोरासमोरच्या कोपऱ्यांचा असतो. गाडीच्या इंजिनाचं हेड बसवताना बोल्ट जसे आडवे-तिडवे आवळतात, अगदी तसं. आधी सगळे सैल पकडवायचे, मग क्रमाने थोडे थोडे. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की दुसरा उचलला जातो आणि तो नंतर कितीही दाबला तरी पेस्ट तिथे जाड राहते.

---

लासलगावचा_कांदा (४ मे, दुपारी ४.५०)

काकांचा हिशोब वहीत उतरवून घेतला, मेकॅनिकलच्या तोंडी परीक्षेला कामी येईल.

माझा एक प्रश्न: पंख्याच्या तोंडावर आणि जाळीच्या मध्ये काळी टेप किंवा स्पंजची पट्टी होती का? असेल तर परत लावलीस का?

विचारतोय कारण आमच्या कांदाचाळीत हेच शिकलो. चाळीचा तळ जमिनीपासून वर उचललेला असतो, खालून हवा शिरते आणि कांद्यांमधून वर जाते. एका वर्षी कडेच्या फळ्या निघाल्या होत्या, आम्ही दुर्लक्ष केलं. हवेला फळीतून सोपी वाट मिळाली, मग ती कांद्यांतून कशाला जाईल? मधला कांदा गरम होऊन सडला. हवा नेहमी सोप्या वाटेने पळते. लॅपटॉपमध्येही टेप गेली की पंख्याची हवा जाळीतून न जाता पोटातच फिरते.

---

ओझरमित्र (४ मे, सायंकाळी ६.३०)

कांद्याचा विषय निघालाच आहे तर, यंदा भावाचं काय?

---

लासलगावचा_कांदा (४ मे, सायंकाळी ६.४४)

ओझरमित्र, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल दादा, आणि तो वाचून सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येईल. इथे लॅपटॉप वाचवू या.

बरं, अजून एक. द्राक्षबागेच्या फवारणीचा कॉम्प्रेसर आमच्या शेतात आहे. रूममेटने त्याची हवा लॅपटॉपच्या जाळीत मारली. पंखा असा काही गरगरला की बेअरिंगच गेलं. टाकीत साठलेल्या पाण्याचे तुषार आत गेले ते वेगळंच. हवा मारायचीच तर पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, लांबून मारा, आणि आधी बॅटरीची पिन काढा.

---

इंदिरानगरी (४ मे, रात्री ९.३०)

सगळ्यांचे मनापासून आभार, कंपनीतून आल्या आल्या वाचत बसलोय. उत्तरं देतो.

स्क्रू: आकडे कोरलेले होते, आता फोटो मोठा करून बघितल्यावर दिसले. आम्ही घड्याळाच्या दिशेने एकेक पूर्ण आवळत गेलो.

पेस्ट: ओळखीच्या दुकानातली छोटी सिरिंज. चिपच्या मधोमध डाळीच्या दाण्याएवढी.

पॅड: एम. जी. रोडवर एका दुकानातून शीट आणली, १.५ मिमी. दुकानदार म्हणाले लॅपटॉपला हाच लागतो, म्हणून सगळीकडे तोच कापून लावला. फिल्म दोन्ही बाजूंनी काढली होती, नक्की.

जीपीयू: गेममध्ये सुरुवातीला ७० असतो, वीस-पंचवीस मिनिटांनी ८६. हॉटस्पॉट ९८.

चिप जळेल का हो? खरं सांगा.

---

सर्किटवाला (४ मे, रात्री १०.१५)

जळणार नाही. ५८००एच ची एएमडीने दिलेली मर्यादा १०५ अंश आहे. तिच्या जवळ गेला की तो स्वतःच वेग कमी करून जीव वाचवतो. तुझे एफपीएस ४० झाले ते त्यामुळेच. पण महिनोन् महिने असं चालवलं तर बाजूचे भाग आणि बॅटरी म्हातारी होते, म्हणून सोडायचं नाही.

आणि गुन्हेगार सापडला असं मला वाटतं. पॅड. एकाच बोर्डवर वेगवेगळ्या जाडीचे पॅड असतात, कारण मेमरी चिप, पॉवरचे भाग, कॉइल या सगळ्यांची उंची वेगळी. ०.५, १, १.५, कधी २ मिमी. कुठे मूळ १ असताना तू १.५ लावला असशील, तर तो पॅड पाचरीसारखा बसलाय आणि हीटसिंक चिपवरून उचलला गेलाय. काकांची अर्धा मिलिमीटरची फट ती हीच. पॅड थोडा दबतो, पण स्वस्तातले पॅड रबरासारखे कडक असतात, दबायला तयारच नसतात.

पेस्टही कमी आहे. टेबलावरच्या मशीनच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, तिथे दाणा चालतो. लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते, कोपऱ्यापर्यंत सगळी झाकली गेली पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीने पातळ पसरव, थोडी जास्त झाली तरी बिघडत नाही. आपली पेस्ट वीज वाहून नेत नाही.

तुझा जीपीयू मात्र वेगळी गोष्ट सांगतोय. तो हळूहळू चढतोय आणि हॉटस्पॉटशी फरक १२ आहे. १०-१५ चा फरक नॉर्मल, २५ च्या वर गेला तर बसणं बिघडलंय समज. म्हणजे जीपीयूवर हीटसिंक नीट बसलाय. तिथे हवेची अडचण असणार. लासलगावकरांच्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस.

---

रात्रपाळी (४ मे, रात्री १०.४०)

मग पेस्टऐवजी ते फेज चेंजचं शीट का नाही? पीटीएम ७९५०. परदेशी मंचांवर सगळे तेच सांगतात.

---

सर्किटवाला (४ मे, रात्री ११.०२)

वस्तू उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. थंड असताना मऊ पत्र्यासारखं, ४५ अंशांच्या आसपास वितळून चिपवर बसतं. लॅपटॉप तापतो-निवतो तशी साधी पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, वर्षभरात मधली चिप कोरडी. या शीटचं तसं होत नाही. लावण्याआधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवलं की फिल्म सुटी निघते.

पण बाजारात नकली शीट भरपूर आहेत. आणि हीटसिंक अर्धा मिलिमीटर वर उचललेला असेल तर अमृत लावलं तरी उपयोग नाही. आधी जाडी.

---

चुलीवरची_मिसळ (४ मे, रात्री ११.१०)

टूथपेस्ट चालते असं कुठेतरी वाचलं होतं. नाव तर पेस्टच आहे.

---

सर्किटवाला (४ मे, रात्री ११.१४)

पहिले काही तास चालते, त्यात पाणी असतं म्हणून. पाणी उडालं की खडू उरतो. पुसायलाही हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातलं ग्लिसरीन चिपवर राहतं. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा.

---

अंबडकर_काका (५ मे, सकाळी ६.५०)

इंदिरानगरी, जाडी अंदाजाने ठरवू नकोस. जुन्या पॅडचे तुकडे टाकले नसतील तर त्यांची न दबलेली कड मोज. माझ्याकडे डिजिटल व्हर्निअर आहे. रोज साडेपाचला पाथर्डी फाट्यावरून जातो, थांबशील तर देतो. वापरून झाल्यावर परत कर, घाई नाही. पॅड दाबून मोजू नको, हलक्या हाताने टेकव.

---

इंदिरानगरी (५ मे, रात्री ८.१५)

काका, व्हर्निअर मिळाला. तुम्ही वर चहाही पाजलात! घरी आल्यावर बहिणीला सांगितलं की अंबडच्या एका काकांनी अनोळखी मुलाला मोजमापाचं यंत्र दिलं, तर ती म्हणाली, "त्यांना माझं सबमिशन दाखवायला घेऊन जाऊ." जुने पॅड कचऱ्याच्या पिशवीत अजून होते. शनिवारी उघडतो.

---

म्हसरूळकर (५ मे, रात्री ९.००)

माझा ९९ टक्क्यांचा उपाय मी मागे घेत नाही हां. तोवर बहिणीचं काम तर होईल?

---

सर्किटवाला (५ मे, रात्री ९.२०)

तोवरसाठी चालेल, मान्य. वेग कमी होईल, रेंडरला जास्त तास लागतील, पण मशीन थंड राहील. फक्त त्यालाच इलाज समजून मूळ कारण विसरू नये एवढंच.

---

इंदिरानगरी (१० मे, दुपारी ३.४०)

उघडला. सविस्तर लिहितो, पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

हीटसिंक उचलल्याबरोबर सगळं समोर आलं. जीपीयूवर पेस्ट कागदासारखी पातळ, एकसारखी पसरलेली. सीपीयूवर मात्र एका कोपऱ्यात पसरलेली, आणि उरलेल्या भागात मी लावलेला दाणा जवळपास जसाच्या तसा, वरून जरा चपटा. म्हणजे तीन चतुर्थांश चिप हीटसिंकला टेकलीच नव्हती. आठवडाभर तो प्रोसेसर एका कोपऱ्यावर श्वास घेत होता. बघून फार वाईट वाटलं.

जुने पॅड मोजले. जीपीयूच्या मेमरीवरचे १.५ मिमी, ते बरोबरच लागले होते. सीपीयूशेजारच्या पॉवरच्या भागांवरचे १ मिमी! तिथे मी १.५ लावल्यामुळे हीटसिंकचं ते टोक उचललं गेलं. सर्किटवाला दादा, तुम्ही न बघता सांगितलं होतं.

१ मिमीचे मऊ पॅड मागवले होते, ते कापून लावले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही चिपवर पेस्ट पसरली, १-२-३-४ क्रमाने तीन फेऱ्यांत आवळलं. मग लगेच बंद न करता पुन्हा उघडून ठसा बघितला. या वेळी सीपीयूवर चारही कोपरे भरलेले. परत पुसून नवीन पेस्ट, परत बसवला.

खोली ३७ अंश, छताचा पंखा बंद, दुपारी दोनची वेळ. त्याच गेममध्ये सीपीयू ८४! एफपीएस ११२.

पण जीपीयू? अर्ध्या तासात पुन्हा ८६.

---

रात्रपाळी (१० मे, दुपारी ४.०५)

दोन्ही पंखे फिरतायत का? एका पंख्याची पिन अर्धवट बसली की आवाज येतो, पण काम एकाचंच चालतं.

---

इंदिरानगरी (१० मे, दुपारी ४.३०)

फिरतायत. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिनिटाला ४९०० आणि ५००० फेरे दाखवतंय. हात लावला तर डावीकडच्या जाळीतून गरम हवा जोरात येते, उजवीकडून अगदी मंद.

---

ओझरमित्र (१० मे, दुपारी ४.४१)

३७ अंशांच्या खोलीत अजून काय होणार? नाशिकची हवाही उंचीमुळे विरळ.

---

अंबडकर_काका (१० मे, दुपारी ५.००)

खोलीचा मुद्दा रास्त आहे, खोली आठ अंश तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. पण उंचीमुळे हवा पाच-सहा टक्केच विरळ होते, तिला दोष देऊ नये. आणि खोली दोन्ही बाजूंना सारखीच आहे. एका बाजूने हवा जोरात आणि दुसऱ्या बाजूने मंद येत असेल तर कारण आतच आहे.

---

लासलगावचा_कांदा (१० मे, दुपारी ५.०६)

भाऊ, माझा प्रश्न पुन्हा विचारतो. काळी टेप??

---

इंदिरानगरी (१० मे, सायंकाळी ६.२०)

माफ कर रे, खरंच राहून गेलं. मावसभावाला फोन लावला. तो म्हणतो उजव्या पंख्याच्या तोंडावर काळी चिकटपट्टी होती, तिच्यावर धूळ जमली होती म्हणून त्याने ओढून काढली आणि टाकली. त्याला वाटलं कंपनीने वाहतुकीसाठी लावलेली असेल. डाव्या बाजूला ती अजून आहे, फोटोत दिसते.

---

लासलगावचा_कांदा (१० मे, सायंकाळी ६.२४)

कांदाचाळीची फळी सापडली!!

---

सर्किटवाला (१० मे, सायंकाळी ६.५०)

शाब्बास. पिवळी कॅप्टॉन टेप घे, उष्णता सहन करते आणि वीज वाहून नेत नाही. ॲल्युमिनियमची टेप अजिबात नको, सुटली तर शॉर्ट करेल. पंख्याच्या चौकटीवरून जाळीच्या वरच्या कडेपर्यंत, मधली फट पूर्ण झाकेल अशी. पंख्याच्या पात्यांना लागू देऊ नको. मागचं झाकण लावताना त्याच्या आतल्या बाजूच्या स्पंजच्या पट्ट्याही बघ, त्या दबून सपाट झाल्या असतील तर तिथूनही गरम हवा परत आत ओढली जाते.

---

इंदिरानगरी (११ मे, सकाळी १०.३०)

टेप लावली. उजवीकडून आता हाताला झोत लागतो. पाऊण तास तोच गेम, सकाळची खोली ३१ अंश: सीपीयू ७९, जीपीयू ७३, हॉटस्पॉट ८५. दुपारी दोनला पुन्हा बघून सांगतो, नाहीतर काका म्हणतील सकाळच्या गारव्याचा आकडा दिला.

---

इंदिरानगरी (११ मे, दुपारी २.५०)

खोली ३७. सीपीयू ८४, जीपीयू ७८. पंख्यांचा आवाजही उतरलाय.

---

अंबडकर_काका (११ मे, दुपारी ३.१०)

आता आकडा पक्का. आनंद झाला.

---

देवळाली_निवृत्त (११ मे, सायंकाळी ५.१५)

मी स्वतः उघडू नको म्हणालो होतो. सगळा धागा वाचला, माझं मत बदललं. नातवाचा लॅपटॉपही गरम होतो, त्याला हे वाचायला दिलं आहे.

---

इंदिरानगरी (२१ मे, रात्री १०.०५)

धागा वर काढतोय. बहिणीचे शेवटचे रेंडर सलग सहा तास चालले, सीपीयू ८६ च्या वर गेला नाही. काल सबमिशन झालं. तिने सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. काका, व्हर्निअर उद्या साडेपाचला फाट्यावर घेऊन येतो, ती पण सोबत येतेय, ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन.

---

म्हसरूळकर (२१ मे, रात्री १०.२०)

अभिनंदन! काका, व्हर्निअर परत आला की मला मिळेल का? माझाही उघडायचा आहे.

---

अंबडकर_काका (२२ मे, सकाळी ६.४५)

मिळेल. उघडण्याआधी प्रत्येक पॅडचा आणि टेपचा फोटो काढ, जुना पॅड टाकू नको, आणि सहाच्या आत ये.